ब्रेकचे अष्टविनायक

गाडी सुरू होत नाही म्हटलं की चार माणसं बाह्या सरसावून धक्का मारायला येतात. गाडी थांबत नाही म्हटलं की तीच चार माणसं फुटपाथवर चढून उभी राहतात. गेली दोन वर्षं मी दुसऱ्या जातीची गाडी बाळगून आहे, त्यामुळे सहानुभूती मला लांबूनच मिळते.

गाडी म्हणजे फोक्सवॅगनची कॅम्पर व्हॅन, १९६९ सालची, पिवळी-पांढरी. आत दोन बर्नरची शेगडी, तांब्याभर पाण्यात काठोकाठ भरणारं बेसिन आणि एक पलंग. हा पलंग मिटला की सोफा होतो आणि उघडला की भांडण. इंजिन मागे, ताकद ४७ घोड्यांची, त्यातले निम्मे आता पेन्शनीत निघालेत. मी मूळचा कराडचा. २६ वर्षांपूर्वी इंग्लंडात आलो, रेडिंगला एका कचेरीत हिशेब तपासतो. पेन्सिलीला टोक काढणं हे माझं तोवरचं सर्वांत अवजड यांत्रिक काम. अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर एक तर मधुमेह होतो, नाहीतर जुन्या गाडीचा नाद लागतो. तुम्हाला मधुमेह नाही, असं डॉक्टरांनी मला ज्या आठवड्यात सांगितलं त्याच आठवड्यात मी गाडी घेतली.

विकणारे गृहस्थ अतिशय सभ्य होते. “ब्रेकना जरा कॅरेक्टर आहे,” एवढंच म्हणाले. इंग्लंडात घराला कॅरेक्टर आहे म्हणतात तेव्हा छप्पर गळत असतं, हे मला ठाऊक होतं. पण ते घराचं, असं मी मनाला समजावलं. चक्कर मारायला निघालो तर पहिल्याच वळणावर मी ब्रेक दाबला. पेडल आज्ञाधारकपणे खाली गेलं आणि गाडी पुढे गेली.

“दोनदा दाबायचा,” गृहस्थ म्हणाले. “पहिल्यांदा कळवायचं, दुसऱ्यांदा थांबायचं.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात तरी पहिल्या हाकेला कोण येतं? मागे बसलेली बायको मात्र उतरल्यावर म्हणाली, “अहो, घ्यायचीच असेल तर घ्या. फक्त विम्याचे कागद कुठं ठेवलेत ते आजच सांगून ठेवा.”

सरकारनेही माझा हात धरला नाही. चाळीस वर्षं उलटलेल्या आणि फारशी तोडफोड न केलेल्या गाडीला दरवर्षीच्या तपासणीची सक्ती नाही, असा या देशात २०१८ पासून नियम आहे. माणसाचं नेमकं उलट. चाळिशी गाठली की सरकारी दवाखान्याचं पत्र येतं: या, जरा वजन बघू, रक्तदाब बघू, कोलेस्टेरॉल बघू. म्हणजे पन्नाशीची गाडी सरकारदरबारी ठणठणीत आणि तिचा पन्नाशीचा मालक संशयित.

गाडी घरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी ती समोरच्या कुंपणात घातली. आमच्या दारापुढे रस्त्याकडे जाणारा उतार आहे. रिव्हर्स टाकून हळूहळू उतरत होतो, ब्रेक दाबला. एकदा कळवलं, दोनदा कळवलं. तिसऱ्यांदा कळवेपर्यंत समोरच्यांच्या गुलाबाच्या फांद्या मागच्या काचेतून आत डोकावत होत्या.

समोर राहणारे म्हातारबा ऐंशीच्या घरातले. त्यांची उभी हयात दूधवाल्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. हातात चहाचा कप घेऊन ते बाहेर आले. गुलाबांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, ते सरळ चाकाशी वाकले.

“कुठलं साल?”

“एकोणसत्तर.”

“मग पुढच्या चाकांनाही ड्रमच असणार. उलटी जाताना नाही थांबायची ती. तशीच बनवलीय.” एवढं बोलून ते आत गेले आणि पाच मिनिटांनी निळी डांगरी घालून बाहेर आले. त्या डांगरीला कडक इस्त्री होती. शेजारच्या कुणाचं तरी काहीतरी बिघडावं म्हणून ती पंधरा वर्षं कपाटात तयार ठेवलेली असावी.

त्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा आणून मला ड्रम ब्रेक समजावला. डबा म्हणजे ड्रम, तो चाकाबरोबर फिरतो. डब्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू, त्यांच्या पाठीवर लायनर. आपण पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, तेल चाकातल्या छोट्या सिलिंडरला ढकलतं, तो शूला आणि शू डब्याला. इथपर्यंत सरकारी टपालासारखा सरळ कारभार. खरी गंमत पुढे आहे. शू डब्याला नुसता टेकायचा अवकाश, डब्याच्या फिरण्याच्या ओढीनेच तो आणखी घट्ट रुततो. पंगतीत “नको, नको, आत्ताच खाऊन आलो” म्हणणारा पाहुणा पाटावर जरासा टेकला की यजमान त्याला दंड धरून बसवतात आणि ताटात तीन जिलब्या पडतात, तसंच. म्हणून या गाडीला पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो वगैरे काही नाही. तो आग्रह डबाच करतो.

हा झाला पुढाकार घेणारा शू. त्याच्या समोरच्या शूला मात्र डब्याची ओढ उलट लागते, तो दूर लोटला जातो. मागच्या चाकांत असा एक पुढाकारवाला आणि एक अंग चोरणारा, असा संसार आहे. पुढच्या चाकांत कंपनीने दोघेही पुढाकारवाले बसवलेत, दोघांना स्वतंत्र सिलिंडर देऊन. गाडी पुढे जात असली की ते जीव तोडून थांबवतात. मागे जायला लागली की दोघे एकदम अंग चोरतात.

“अशी माणसं आमच्या कचेरीतही आहेत,” मी म्हणालो.

“सगळीकडे असतात,” म्हातारबा म्हणाले. “पण त्यांच्या भरवशावर कोणी उतारावरून गाडी मागे घेत नाही.”

१९७० च्या ऑगस्टनंतर निघालेल्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आले. आमची जेमतेम वर्षभराने हुकली. हे मला म्हातारबांनी सांगितलं तेव्हा बायको शेजारी उभी होती, हे त्यांचं पहिलं चुकलं.

तर, ब्रेक दोनदा का दाबावा लागतो, याचं उत्तर त्यांनी एका शब्दात दिलं: ॲडजस्टमेंट. लायनर झिजतो, मग शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढते, मग पेडलचा अर्धा प्रवास ती फट मिटवण्यात जातो. ती फट अधूनमधून हाताने कमी करत राहावी लागते. ॲडजस्ट करायचं! मी छाती पुढे काढली. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून बसत एसटीने कराड ते पुणे केलेला माणूस मी. लग्नाला ३१ वर्षं झाली. या एका विषयात माझा हात कोण धरणार होतं?

प्रत्येक शूला स्वतःची एक दातेरी चकती असते, चांदणीसारखी. चाकाच्या मागच्या बाजूला रबरी बूच लावलेली भोकं असतात, त्यांतून स्क्रू-ड्रायव्हर घालून ही चांदणी एकेक दाता फिरवायची. चार चाकं, प्रत्येकी दोन शू, एकूण आठ चांदण्या.

“म्हणजे अष्टविनायकच की,” बायको म्हणाली.

ती हे सहज बोलून गेली, पण तिचं बोलणं किती खरं आहे ते मला गाडीखाली गेल्यावर कळलं. मोरगावहून निघून आठही गणपती केले तरी परत मोरगावला आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही म्हणतात. इथेही आठवी चांदणी आवळून बाहेर आलो, पेडल जोरात दाबलं, की आतले शू आपापल्या जागी नीट बसतात आणि पहिली चांदणी पुन्हा ढिली निघते. चला मोरगावला. त्यात लेण्याद्रीला निदान चढायला पायऱ्या आहेत. इथे उताणं सरपटत जावं लागतं, आणि देवदर्शनाच्या ऐन क्षणी पन्नास वर्षांचा चिखल डोळ्यांत पडतो.

शिवाय दिशा. मागच्या चाकात एक चांदणी वर ढकलली की आवळते, तर शेजारची खाली ओढली की. आपण उताणे असल्यामुळे वर कुठे आणि खाली कुठे हाच मुळात वादाचा मुद्दा. पहिल्या रविवारी मी तीन तास खपून आठही चांदण्या इमानेइतबारे ढिल्या केल्या. त्या दिवशी पेडल पाचदा दाबावं लागत होतं.

खरी पद्धत अशी: चाक जॅकवर उचलायचं, चांदणी फिरवत राहायची, चाक हाताने हलेनासं झालं की थांबायचं आणि मग तीन-चार दाते मागे यायचं. टिक, टिक, टिक. चाक मोकळं फिरलं पाहिजे, फिरताना किंचित खरखर ऐकू आली पाहिजे. आवळणं कोणालाही जमतं. तीन टिक मागे येणं हाच सगळा कस आहे. माझे दाते मोजायचे असायचे त्याच वेळी वरून आवाज यायचा.

“अहो, पोहे झालेत.”

“मोजतोय गं.”

“काय मोजताय?”

“दोन झाले होते.”

“दोन काय, सगळे पोहे तसेच आहेत. गार होतायत.”

कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर मी पेडलचा प्रश्न टाकला ही माझी आणखी एक चूक. आमच्या पिढीत प्रत्येक पुरुषाला दोन गोष्टींतलं पक्कं कळतं: धावपट्टी कशी खेळेल आणि दुसऱ्याच्या गाडीला काय झालंय. तासाभरात एकोणीस निदानं आली. ठाण्याच्या मित्राने मास्टर सिलिंडर बदलायला सांगितलं. नाशिकच्याने टायरमधली हवा कमी करून बघ म्हटलं. एकाने फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं. कोल्हापूरच्याने आवाजी निरोप धाडला: “अरं, कशाला डोकं लावतोस? हितं घिऊन ये की गाडी. आमचा मिस्त्री धा मिंटात करतोय बघ.” मधे दोन खंड आणि एक समुद्र आहे, याची त्याने दखल घेतली नाही.

पुढे मागच्या चाकातून तेल गळायला लागलं. चाकातला सिलिंडर पाझरतोय, लायनर भिजलाय, म्हातारबांनी नुसतं वासावरून सांगितलं. एका बाजूचा लायनर तेलकट झाला की तो पकडत नाही आणि दुसरा एकटाच ओढतो, त्यामुळे गाडी ब्रेक लावला की डावीकडे झुकायला लागली होती. माझे सासरे निवडणुकीत असंच करायचे. वर्षभर मधून चालायचे आणि ऐन वेळी डावीकडे. तर आता मागचा ड्रम काढणं आलं, आणि १९६९ च्या गाडीत मागचा ड्रम काढणं म्हणजे तो नट काढणं.

या नटाचा पान्हा ४६ मिलिमीटरचा असतो. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तो अडीचशे फूट-पाउंडांच्या आसपास आवळतात. मी हिशेबी माणूस, पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. माझं वजन ६२ किलो, म्हणजे १३७ पाउंड. दोन फुटी पाइप पान्ह्यात अडकवून त्याच्या टोकावर मी नुसता उभा राहिलो तर २७४ फूट-पाउंड होतात. नट सुटलाच पाहिजे. गाडी जॅकवर चढवली, पान्हा लावला, पाइप लावला, आणि टोकावर उभा राहिलो. काही झालं नाही. मी नुसता उभा राहिलो होतो. लांबून कोणी पाहिलं असतं तर बसची वाट बघतोय असं वाटलं असतं. पन्नास वर्षांचा गंज कुठल्या रकान्यात धरायचा हे मला कचेरीत कोणी शिकवलं नव्हतं.

“चाक जमिनीवर असताना ढिला करायचा असतो तो,” म्हातारबा कुंपणापलीकडून म्हणाले. “गाडी जॅकवर चढवून तिच्यावर उड्या मारणारा माणूस मी एकच पाहिला होता. त्याला नंतर आम्ही हिशेबाला बसवला.”

गाडी खाली घेतली. चाकांना दगड लावले, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. दोन फुटी पाइप जाऊन चार फुटी आला. मी चढलो. मग बायकोला बोलावलं. तीही चढली. आम्ही दोघं एका पाइपावर एकमेकांचे खांदे धरून उभे, समोरच्या खिडक्यांतले पडदे हळूच बाजूला होताहेत. “वन, टू, थ्री म्हणू का?” मी विचारलं. “गणपती बाप्पा म्हणा,” ती म्हणाली. मोरया म्हणायच्या आत बंदुकीसारखा आवाज झाला. आम्ही दोघं हिरवळीवर आणि नट सुटलेला.

ड्रम निघाला. आत काळी भुकटी साचलेली. मी लगेच वाकलो आणि गाल फुगवले. आपल्याकडे कुठलीही बिघडलेली वस्तू हातात आली की पहिला उपचार फुंकर असतो. रेडिओ, पेटी, कॅसेट, पंख्याचा रेग्युलेटर, सगळ्यांना आपण फुंकूनच वाढवलंय.

“फुंकू नका!” म्हातारबा असे ओरडले की माझा श्वास गालातच राहिला. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. इथे त्याच्यावर १९९९ मध्ये बंदी आली, पण आमच्या गाडीत आधीच्या कोणत्या मालकाने काय घातलंय कोणी सांगावं. ती भुकटी फुप्फुसात जाणं म्हणजे काय, हे त्यांनी दोन जुन्या सहकाऱ्यांच्या आठवणीने सांगितलं आणि मग बराच वेळ बोलले नाहीत. ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. ती शिस्त मी पाळतो.

मग स्प्रिंगा. दोन्ही शूंना परत आत खेचणाऱ्या स्प्रिंगा असतात, आणि शू जागेवर धरणाऱ्या छोट्या टोप्या. नियम असा की एका वेळी एकच चाक उघडायचं, म्हणजे काय कुठे होतं ते पलीकडच्या चाकात बघता येतं. उत्साहाच्या भरात मी दोन्ही उघडली. आठवण राहावी म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. नंतर पाहिले तर अकरा फोटोंत माझा अंगठा उत्कृष्ट आला होता. एक स्प्रिंग पक्कडीतून सुटली ती थेट आकाशात. दोन दिवस शोधली. तिसऱ्या दिवशी समोरच्या गुलाबांत सापडली.

सगळं जोडून झालं की तेल भरायचं आणि नळ्यांतली हवा काढायची. तेलाला हवा दबते, पण हवेला तेल दबत नाही, असं मी बायकोला समजावलं आणि मग स्वतःच गोंधळलो. मुद्दा एवढाच की नळीत हवा राहिली तर पेडल स्पंजसारखं लागतं. हे काम दोन माणसांचं. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली निपल उघडायचं, तेल आणि बुडबुडे बाहेर, निपल बंद, मग वरच्याने पाय सोडायचा. निपल उघडं असताना पाय सोडला की हवा परत आत. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात.

“दाब!” मी खालून.

“दाबलं!”

“धर!”

“धरलं!”

“सोड!”

“तुम्ही बंद केलं का?”

“काय?”

“ते खालचं. मागच्या वेळी तुम्ही सोड म्हणालात आणि मग म्हणालात अगं थांब.”

“अगं, थांब!”

“सोडलं ना मी आता!”

असे चार तास. बटाटे चिरायच्या वेळेला सुरू केलेलं काम दिव्यांच्या वेळेला संपलं. मधे शेजारची बाई येऊन बायकोला हळूच विचारून गेली, सगळं ठीक आहे ना घरात? त्या तेलाचे आणखी दोन गुण. एक म्हणजे ते हवेतली वाफ शोषून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. दुसरा गुण मला दाराच्या पिवळ्या रंगावर सांडल्यावर कळला. लगेच पाणी मारायचं असतं. मी आधी फोन घेतला. तिथे आता साताऱ्याच्या नकाशासारखा डाग आहे, कोयनेसकट.

पुढची चाकंही उघडून झाली आणि आम्ही ऑक्सफर्डला फेरी मारायला निघालो. ब्रेक पहिल्या हाकेला लागत होते. मी शीळ घालत होतो. बायको म्हणाली, “अहो, आपण शून्याने चाललोय.” काटा खरोखरच शून्यावर. या गाडीत वेग मोजणारी तार पुढच्या एका चाकाच्या टोपीतून निघते आणि टोपीशी एका छोट्या क्लिपने अडकवलेली असते. ती क्लिप माझ्या शर्टाच्या खिशात होती. आम्ही रेडिंग ते ऑक्सफर्ड ताशी शून्य मैल वेगाने गेलो आणि तसेच परत आलो. मैलही वाढले नाहीत. हिशेबाच्या दृष्टीने आम्ही घरातून निघालोच नव्हतो.

एवढ्या तयारीनंतर गेल्या उन्हाळ्यात डेव्हनच्या किनाऱ्याला जायचं ठरवलं. निघण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा एकदा अष्टविनायक केले. जाताना सगळं छान. परतीच्या वाटेवर लिनमथचा चढ चढून एक्समूरच्या माळावर आलो तेव्हा गाडी दमल्यासारखी वाटायला लागली. ४७ घोडे, दोन माणसं, शेगडी, लोणच्याची बरणी, मी म्हटलं, दमणारच. पाय उचलला तर गाडी आपण होऊन थांबायची. मी उलट खूश. दोन वर्षांत प्रथमच ती न सांगता थांबत होती.

“काहीतरी करपतंय,” बायको म्हणाली.

“शेगडी बंद केलीस ना?”

“शेगडी सकाळपासून बंद आहे.”

मेंढ्यांच्या शेजारी गाडी उभी केली. मागच्या उजव्या चाकातून धूर येतो की काय असं वाटत होतं. बायकोने पाण्यात बोट बुडवून एक थेंब चाकाच्या मधोमध टाकला. चुर्र झालं. “तवा तापलाय,” ती म्हणाली. “पापड आणू?”

शू ड्रमला घासत राहिले होते. मी त्या चाकाची चांदणी आवळली होती आणि तीन टिक मागे यायचा विसरलो होतो. का विसरलो, यावर आम्ही त्या माळावर पाऊण तास चर्चा केली. माझं म्हणणं, मी दोनवर असताना पोह्यांची हाक आली. तिचं म्हणणं, त्या दिवशी उपमा होता.

पुढे पॉरलॉकचा उतार. चाराला एक असा हा उतार, वळणं आवळ्याएवढी, आणि ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी बाजूला वेगळी पळवाट काढून ठेवलेली. पळवाटेची पाटी वाचून बायकोने डोळे मिटले. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, लायनरची पकड सुटते आणि पेडल खोल खोल जायला लागतं, हे मला तोवर पाठ झालं होतं. शेजारून थोडे पैसे देऊन जाता येईल असा सावकाश उताराचा खाजगी रस्ता आहे. बायकोने तो सुचवला. मी म्हणालो, पैसे कशाला? कराडच्या माणसाने खंबाटकी पाहिलाय. वडिलांकडे फक्त स्कूटर होती, पण घाटाबद्दल ते अधिकाराने बोलायचे: ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. मी चाक गार होऊ दिलं, आडवा होऊन तीन टिक मागे आलो, मोठ्याने मोजून. पहिला गिअर टाकला आणि ब्रेकला जेमतेम शिवत, बैलगाडीच्या चालीने खाली उतरलो.

गावात पोचलो तेव्हा आरशात पंधरा-वीस गाड्या होत्या. मागच्या गाडीतून एक उंच माणूस उतरून माझ्याकडे चालत आला. मी काच खाली घेऊन माफी मागायची तयारी केली.

“एकोणसत्तर?” त्याने विचारलं. “माझ्या मावशीकडे होती. तीही थांबायची नाही.” मग त्याच्यामागचा उतरला. त्याच्या काकाकडे होती. रस्ता अडवून पाच-सहा जण वाकून चाकं बघत होते, प्रत्येकाचं निदान वेगळं, आणि सगळं अगदी कॉलेजच्या ग्रुपसारखं. बायकोने चहा टाकला.

आता नवरात्रात महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमासाठी लंडनला गाडी घेऊन यायचा विचार आहे. तिथे डॉलिस हिलच्या आसपास दुपारी एखादी पिवळी-पांढरी व्हॅन आरशात दिसली तर कृपा करून जरा पुढे सरकून घ्या. ब्रेक मी मघाशीच दाबलेला आहे.